वाचकांचे प्रश्न : पहिला एचडी टीव्ही घेताना

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली, कापसाचे पैसे हातात असले आणि लेकीबाळी माहेरी यायच्या असल्या, की टीव्ही बदलायचा विषय घरात निघतोच. यंदाच्या पत्रांत हाच विषय सर्वांत जास्त आला. त्यांतले हे काही प्रश्न.

प्रश्न : घरात अजून २१ इंची जुना डब्बा टीव्ही आहे. हातात १५ हजार आहेत, खोली १० बाय १२ फुटांची. चांगल्या कंपनीचा ३२ इंची साडेअकरा हजारांत मिळतोय, तर नाव न ऐकलेल्या कंपनीचा ४३ इंची साडेचौदा हजारांत. मुलं ४३ चा हट्ट धरून बसली आहेत. सध्या फ्री डिश आहे. कोणता घेऊ? — एक वाचक, चोपडा

उत्तर : ३२ इंची घ्या. उरलेले पैसे एचडी बॉक्स आणि विजेच्या संरक्षणासाठी ठेवा.

भाऊ, टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. एचडी रेडी पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, फुल एचडीत १९२० बाय १०८०, तर ४के मध्ये ३८४० बाय २१६०. पण पडदा कितीही भारी असला तरी वाहिनी जेवढं पाठवते तेवढाच तपशील त्याला मिळतो. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ५७६ ओळी असतात आणि फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या अजून एसडीच आहेत. या ५७६ ओळी ३२ इंची पडद्याच्या ४० सेंटिमीटर उंचीत बसल्या की एकेक ओळ ०.७ मिलिमीटरची होते. ४३ इंचीची उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर, तिथे तीच ओळ ०.९३ मिलिमीटरची. ९ फुटांवरून चांगल्या नजरेला सुमारे ०.८ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. म्हणून तीच मालिका तुमच्या खोलीत ३२ वर नीट दिसेल आणि ४३ वर विरलेली वाटेल. मुलांना हे पटवायचं असेल, तर दुकानात दोन्ही टीव्हींवर एकच एसडी वाहिनी लावायला सांगा आणि ९ फूट मागे उभं राहून पाहायला लावा. दुकानदार चालू ठेवतो ती चकचकीत डेमो फिल्म पाहून काहीच ठरवू नका.

आता ३२ इंचीत एचडी रेडी की फुल एचडी? एचडी रेडीचा ठिपका ०.५२ मिलिमीटरचा, फुल एचडीचा ०.३७ चा. ८-९ फुटांवरून हा फरक दिसत नाही. टीव्हीला कॉम्प्युटर जोडून ५ फुटांच्या आत बसणार असाल तरच फुल एचडीला जादा पैसे द्या.

४३ इंची वाईट नाही. घरात बहुतांश एचडी वाहिन्या पाहत असाल आणि खिशात पुरेसे पैसे असतील, तर तो जरूर घ्या. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावाने कोणी सांगत असेल तर घासाघीस करा. मात्र ज्या कंपनीचा माणूस दुरुस्तीला तालुक्याला येत नाही, तिचा ४३ इंची घेऊ नका. पॅनेल, म्हणजे पडदाच, गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो.

फ्री डिशच ठेवायची असेल तर दूरदर्शनच्या मोजक्याच वाहिन्या एचडीत मिळतील आणि त्यांनाही एमपेग-४ या नव्या पद्धतीचा बॉक्स लागतो. मराठी मालिका आणि क्रिकेट एचडीत हवं असेल, तर पैशांची डीटीएच किंवा केबल घ्यावी लागेल, आणि पॅकमध्ये एचडी वाहिन्या आहेत ना हे आधी विचारावं लागेल.

प्रश्न : गेल्या महिन्यात ३२ इंची एचडी टीव्ही घेतला. जुन्यापेक्षा चित्र धूसर दिसतं. माणसं जाडी दिसतात, खाली चालणाऱ्या बातम्यांची पट्टी अर्धी कापली जाते. टीव्ही परत करावा का? — एक गृहिणी, पारोळा

उत्तर : थांबा ताई, टीव्ही खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. बॉक्सच्या मागे पाहा. लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली असेल तर दोष तिथेच आहे. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स एचडी असला तरी टीव्हीपर्यंत एसडीच पोहोचतं. बसवायला आलेला माणूस पुष्कळदा जुनीच वायर नव्या टीव्हीत खोचून निघून जातो, त्यामुळे ही तक्रार फार घरांत असते.

दीड मीटरची साधी एचडीएमआय केबल आणा. सोन्याचा मुलामा वगैरे महाग केबलने चित्र सुधारत नाही. दोन्ही यंत्रं बंद करून ती जोडा, जुनी वायर काढून टाका, आणि टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबून ज्या खाचेत केबल लावली ती एचडीएमआय निवडा. मग बॉक्सच्या रिमोटने त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओचं आउटपुट १०८०आय करा. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या त्याच रूपात येतात. तुमच्या बॉक्सला एचडीएमआयची खाचच नसेल तर तो एसडी बॉक्स आहे, तो बदलल्याशिवाय इलाज नाही. आणखी एक गोष्ट : एकाच वाहिनीचे एसडी आणि एचडी असे दोन वेगळे क्रमांक असतात. घरातल्यांना जुना क्रमांक पाठ असतो आणि बोट तिकडेच जातं. एचडीचे क्रमांक फेव्हरिटमध्ये टाकून ठेवा.

माणसं जाडी दिसतात, कारण ४:३ आकाराचं जुनं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं जातंय. पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो ऑटोवर ठेवा, जुन्या सिनेमाला ४:३ करा. दोन बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. पट्टी कापली जाते ती ओव्हरस्कॅनमुळे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलतो म्हणून. त्याच मेनूत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा १:१ असा पर्याय असतो, तो निवडा.

शेवटी पिक्चर मोड. नवा टीव्ही बहुधा व्हिव्हिड किंवा दुकानाच्या मोडवर येतो, त्यात चेहरे निळसर पांढरे पडतात. स्टँडर्ड किंवा मूव्ही मोड लावा. शार्पनेस १०० पैकी १० च्या आसपास आणा. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते आणि एसडी चित्रातला कचरा जास्त दिसतो. बॅकलाइट रात्री निम्म्यावर पुरतो, विजेचीही बचत होते.

एवढं करूनही एचडी क्रमांकाची वाहिनी धूसर दिसली, तरच दुकान गाठा.

प्रश्न : खोक्यावर मोठ्या अक्षरांत फुल एचडी १०८०पी लिहिलंय, पण भाव एचडी रेडीचा आहे. खरं कसं ओळखायचं? — एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : "१०८०पी सपोर्ट" म्हणजे टीव्ही तसं, १९२० बाय १०८० चं, चित्र स्वीकारतो, एवढंच. दाखवतो तेवढंच, जेवढे त्याच्या पडद्यावर ठिपके आहेत. माहितीपत्रकात नेटिव्ह किंवा पॅनेल रिझोल्यूशन हे शब्द शोधा. लॅपटॉप जोडून खात्री होत नाही, कारण काही स्वस्त टीव्ही लॅपटॉपलाही १०८०पी असंच सांगतात. पक्की खूण मोजपट्टीने मिळते. पांढरं चित्र लावा, पडद्याला न दाबता पट्टी जवळ धरा, मोबाईलने अगदी जवळून फोटो काढा आणि आडव्या १ सेंटिमीटरात किती ठिपके येतात ते मोजा. लाल, हिरवा, निळा मिळून एक ठिपका धरायचा. ३२ इंचीत एचडी रेडी असेल तर १९ येतील, फुल एचडी असेल तर २७. ४३ इंचीत हेच आकडे १४ आणि २०, आणि खरा ४के असेल तर ४०.

मागच्या पट्टीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट दहा लाखाला एक" असल्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : कानबाईच्या सणाला भाऊबंद जमतात, निम्मे खाटेवर, निम्मे खाली सतरंजीवर. बाजूने बसणाऱ्यांना चित्र पांढुरकं दिसतं. — एक वाचक, धरणगाव

उत्तर : पॅनेल दोन जातींचे मिळतात. आयपीएस बाजूने बरं दिसतं, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. व्हीए मध्ये काळा गडद असतो, पण बाजूने रंग उडतात. तुमच्यासारख्या भरल्या घराला आयपीएस. विक्रेत्याला पॅनेलची जात माहीत नसेल तर स्वतः पडद्याच्या कडेला जाऊन पाहा, मग खाली बसून वर पाहा. आहे त्या टीव्हीसाठी उपाय उंचीचा : जमिनीवर बसणाऱ्यांच्या डोळ्याची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते आणि टीव्ही बहुतेक घरांत दाराच्या चौकटीएवढा उंच टांगलेला असतो. पडद्याचा मध्य ९० ते १०० सेंटिमीटरवर आणा, किंवा टीव्ही थोडा खाली झुकवा.

प्रश्न : स्मार्ट टीव्ही घ्यावा का? घरी वायफाय नाही, मोबाईलचं नेट रोज दीड जीबी. — एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातो. तुमचं दीड जीबी अर्ध्या तासात संपेल. वायफाय येईपर्यंत स्मार्टवर जादा पैसे घालू नका. साध्या टीव्हीला दोन एचडीएमआय खाचा असल्या की पुढे नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक लावून काम होतं. तरी घ्यायचाच असेल तर अधिकृत गूगल टीव्ही किंवा कंपनीची स्वतःची प्रणाली असलेला घ्या. मोबाईलचं अँड्रॉइड टाकलेल्या स्वस्त टीव्हीत काही अ‍ॅप परवान्याअभावी एचडीत चालतच नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे लाईट सारखी जाते-येते. स्टॅबिलायझर लागेल? — एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : टीव्हीच्या मागे १००-२४० व्होल्ट छापलं असेल तर कमी दाबाची काळजी नको. टीव्ही जळतो तो जास्त दाबाने. खांबावरचा न्यूट्रल सुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. साधा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो; एवढा दाब मिनिटभर टिकला तर तोच जळतो. म्हणून जास्त दाबाला वीज तोडणारा आणि ती परतल्यावर थोडं थांबून जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या, वरची मर्यादा २६० च्या आत लावा. तो नसेल तोवर लाईट गेली की बोर्डावरचं बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्याआधी प्लगबरोबर डिशच्या छत्रीची केबलही बॉक्समधून काढा. वीज त्या केबलनेही घरात शिरते, आणि बॉक्सबरोबर एचडीएमआयमधून टीव्हीची खाचही जाते.

प्रश्न : धाब्याचं घर आहे, भिंत मातीची. टीव्ही भिंतीवर बसेल का? समोर कूलर असतो. — एक वाचक, रावेर

उत्तर : मातीच्या भिंतीत स्क्रूचा गट्टू धरत नाही. स्टँडवर, रुंद टेबलावर ठेवा आणि पोरांच्या धक्क्याने पडू नये म्हणून मागच्या भोकांतून पट्टी घेऊन टेबलाला बांधा. विटांची प्लास्टर केलेली भिंत असेल तर ८ मिलिमीटरचं भोक, ५ सेंटिमीटर खोल, चार ठिकाणी. टीव्हीच्या मागचे स्क्रू माहितीपुस्तकात दिलेल्या लांबीचेच वापरा, लांब स्क्रू आत बोर्डाला टेकतो.

कूलरचा झोत टीव्हीवर येता कामा नये. त्या वाऱ्यात पाण्याचा बारीक फवारा असतो. तो पडद्याच्या कडेतून आत शिरला की जोड गंजतात आणि उभ्या रेघा येतात. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात आपला पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून मागे-बाजूला १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा आणि भर दुपारी तासन्‌तास टीव्ही चालू ठेवू नका. दुकानातून घरी आणताना खोकं उभंच ठेवा, आडवं टाकून वर पोतं ठेवू नका. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. पुसायला कोरडं मऊ सुती कापड, डाग असेल तर किंचित ओलं. काच पुसायचा फवारा पडद्यावर मारू नका.