अत्तरवाल्यानं फसवलं नाही, वीस मिनिटं थांबा

तुम्ही विचारलंय की रमजानात सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून ‘स्पायसी कार्नेशन’ म्हणून अत्तराची तीन मिलीची कुपी घेतली, घरी येऊन झाकण उघडलं तर थेट दातांच्या दवाखान्याचा वास. लवंगेचं तेल गळ्यात मारलं का, आणि हे लावून ऑफिसला जाता येईल का?

पहिल्याचं उत्तर: झाकण हुंगून तसं म्हणता येणार नाही. दवाखाना आठवला ते मात्र तुमच्या नाकाचं अगदी बरोबर आहे. दातात तात्पुरतं भरायच्या एका जुन्या सिमेंटमध्ये झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल असतं. लवंगेच्या तेलात सगळ्यात जास्त तेच. कार्नेशनच्या फुलातला तिखटपणाही बराचसा त्याचाच. फुलाचं शास्त्रीय नाव डायॲन्थस कॅरिओफायलस, त्यातलं दुसरं पद लवंगेच्या जुन्या ग्रीक नावावरून आलेलं. म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही फूल हुंगून लवंगच आठवली होती. आणि लवंग तरी काय, न उमललेली कळीच ना वाळवलेली!

आपली अडचण वेगळी आहे. लवंग म्हटलं की आपल्याला काळा मसाला आठवतो, विड्याला टोचलेली लवंग आठवते, नाहीतर ठणकणारी दाढ. फूल आठवत नाही. कार्नेशन आपण पाहतो ते लग्नाच्या हॉलमध्ये, डेकोरेशनला. पुण्या-नाशकाकडच्या पॉलिहाउसमधली ती फुलं चार दिवस ताजी दिसावीत म्हणून निवडत आणलेल्या जातींची. त्या नादात वास बहुतेक निघूनच गेलाय. नाक लावून बघा, ओल्या देठाचा वास येईल फक्त. त्यामुळे मोगरा किंवा गुलाब कुपीत ‘ओळखतो’ तसं हे ओळखायला आपल्याकडे आठवणच नाही.

आता कुपीत नेमकं काय असतं? खऱ्या फुलातून काढलेला अर्क मिळतो, पण भयंकर महाग, कारण ढीगभर फुलांतून थेंबभर निघतो. त्याचा वास मधाकडे आणि हिरव्या गवताकडे झुकलेला, लवंग मागे. बाजारातल्या तीन मिलीत तो कुणी घालत नाही, आणि त्यात फसवणूकही नाही. कार्नेशनचं अत्तर ही जुळणीच असते: युजेनॉल, त्याचा मऊ भाऊ आयसोयुजेनॉल, गुलाबाच्या अंगानं जाणारं फिनाइल इथाइल अल्कोहोल, थोडं इलांग-इलांग फुलाचं तेल, बेन्झिल सॅलिसिलेट, तळाला व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन. नावात ‘स्पायसी’ असेल तर वर मिरी, कधी दालचिनी. फ्रेंच परफ्यूमवाल्यांनीही कार्नेशन असंच बांधलं. कॅरोनचं ‘बेलोजिया’ १९२७ चं, नीना रिचीचं ‘लेर द्यू तां’ १९४८ चं, दोन्हींत कार्नेशनचा मोठा वाटा आहे.

तरी मनात शंका राहत असेल तर कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर मेडिकलमधलं लवंग तेल, दुसरीवर तुमचं अत्तर. सकाळी दोन्ही भावंडं वाटतील. रात्री जेवण झाल्यावर परत हुंगा. लवंग तेलाची पट्टी तेव्हाही लवंगच म्हणत असेल. दुसरीवर गोडसर, पावडरीसारखं काही उरलं असेल तर तुमचा अत्तरवाला सरळ माणूस आहे.

पण अत्तराचा खरा निकाल कातडीवरच. माझ्याकडच्या कुपीचं सांगते. जानेवारीतला रविवार, अंघोळ झाल्यावर काचेच्या काडीचं फक्त टोक डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं. पहिली पाच मिनिटं लवंग, मिरी आणि थोडा औषधी झटका. सासूबाई शेजारून गेल्या आणि म्हणाल्या, “दाढ दुखाय लागली काय गं?” पंधरा-वीस मिनिटांनी झटका खाली बसला. चहा गाळताना हात नाकाजवळ आला तेव्हा पहिल्यांदा फूल दिसलं. गुलाबासारखं, पण गुलाबाचा पाणीदारपणा नाही; कोरडं, पाकळीच्या कडेला मिरपूड भुरभुरल्यासारखं. माझ्या मते पैसे द्यायचे ते या दोन-अडीच तासांचे. दुपारी जेवणानंतर तिखट जवळपास गेलं होतं आणि जुन्या फेस पावडरीच्या डबीसारखा मऊ वास राहिला होता. संध्याकाळी नाक कातडीला टेकवलं तरच कळेल इतका व्हॅनिला. स्प्रेसारखा खोलीभर पसरला कधीच नाही. तेलात स्प्रेमधलं अल्कोहोल नसतं, उडून जायची घाई नसते, म्हणून तेल अंगासरशी राहतं. हातभर अंतरावरच्या माणसाला कळतं, पलीकडच्याला नाही. निदान थंडीत तरी.

उन्हाळ्यात हिशोब बदलतो. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात, पारा ४२ ला टेकलेला असताना, शहाणपणानं गळ्याला दोन्ही बाजूंनी ओढून लावलं आणि सात रस्त्यावरून शेअर रिक्षात बसले. उष्णतेनं सगळी लवंग एकदम उठली. पार्क चौक यायच्या आत शेजारच्या काकांनी खिडकीकडं तोंड वळवलं होतं, आणि उतरताना रिक्षावाला म्हणाला, “मसाल्याचं दुकान हाय काय ओ तुमचं?” वर गळ्यावर दोन दिवस तांबूस चट्टा.

त्या चट्ट्याबद्दल जरा नीट सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल काही लोकांच्या कातडीला चालत नाहीत. आयसोयुजेनॉल तर ॲलर्जीसाठी बदनामच आहे. युरोपात २००३ च्या नियमानं ज्या २६ सुगंधद्रव्यांची नावं लेबलवर छापायला लावली त्यात ही दोन्ही आहेत, बेन्झिल सॅलिसिलेटही आहे. आपल्या कुपीवर लेबल म्हणजे पेनानं लिहिलेला एक शब्द. म्हणून कोपराच्या आत एक ठिपका लावून दोन दिवस बघा. खाज, पुरळ, लाली काहीही आलं तर कातडीचा नाद सोडा आणि जुन्या पद्धतीनं कापसाचा फाया करून पर्समध्ये ठेवा. मुलांना लावू नका. वॅक्सिंग किंवा दाढी केलेल्या जागी तर अजिबात नको.

कोरड्या हवेत आपली कातडीही कोरडी, आणि कोरड्या कातडीवर वास लवकर संपतो. आधी बिनवासाचं पेट्रोलियम जेली नखभर चोळा, त्यावर अत्तर. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मध्ये येतो. लग्नात पाहुण्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, ती जागा मलाही आवडते, पण हात धुतला की गेलं. कोपराची आतली बाजू बरी, पदराखाली झाकलेलीही राहते.

साडीला लावायचं असेल तर थांबा. हे तेल मुळात पिवळसर असतं आणि हवा-उजेड लागला की तपकिरी होत जातं. युजेनॉल आणि व्हॅनिलिन दोघांचाही तो गुण. ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर मी हौसेनं बोट फिरवलं होतं. तो डाग तीन धुण्यांनंतर चहाचा डाग म्हणून खपला, गेला नाही. कुपीही खिडकीत नको, कपाटात अंधारात ठेवा. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या रोल-ऑनमध्ये ओतू नका, युजेनॉलनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं.

दुसऱ्या अत्तराबरोबर लावून बघायची हौस असेल तर चंदन याला सगळ्यात छान सांभाळून घेतं, झटका बोथट करतं. गुलाबाचा एक ठिपका दिला तर फूल लवकर पुढं येतं. हिना मला नाही आवडत सोबत, दोघंही गरम, भांडतात. आणि केसात मोगऱ्याचा गजरा असताना कार्नेशन लावलं की माणूस चालता-बोलता गोविंद विडा होतो. काहींना तेच हवं असतं म्हणा.

आता ऑफिस. एसी असेल आणि तुम्ही घरातून निघायच्या अर्धा तास आधी काडीचं टोक एकदाच टेकवणार असाल तर खुशाल जा, पोचेपर्यंत लवंग बसलेली असेल. दुचाकीवर उन्हातून जाणार असाल तर आत्ता नको, तोवर वाळा लावा. कार्नेशन थंडीचं अत्तर आहे. तीन मिली कुठं जात नाहीत, एवढ्या थेंबांत माझं वर्ष निघतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत संध्याकाळी स्वेटरच्या बाहीआड लावा. मी एकदा तसंच लावून चादर ओढून झोपले होते. सकाळी चादर झटकली तेव्हा लवंगेचा मागमूस नव्हता, सुती कापडात नुसतं फूल राहिलं होतं, आणि सासूबाई विचारत होत्या, कुठल्या साबणानं धुतलीस गं?