श्रीलंकेत अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा लोकांना खरंच आशा वाटत होती का? मग जल्लोष एवढा कमी का दिसला?

वाटत होती. मी श्रीलंकेचा नाही, पण २०२२ पासून तिथलं राजकारण जीव लावून वाचतोय, आणि माझं मत असं की २०२४ ची ती शांतता समजून घ्यायची तर आधी २०१९ आठवायला हवं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबया राजपक्षे ५२ टक्के मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगावची तरुण मुलं ब्रश आणि रंगाचे डबे घेऊन रस्त्यावर आली आणि पोस्टरांनी विद्रूप झालेल्या भिंतींवर चित्रं काढू लागली. देश आता नव्याने उभा राहणार, अशी त्यांची मनापासून समजूत होती. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. मोठी करकपात झाली, कोविडने पर्यटन बसलं, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली आणि भातशेती कोलमडली. परकीय चलन आटलं. गॅस आणि पेट्रोलसाठी रांगेत उभं राहून माणसं दगावली. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली, ९ जुलैला लोक थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि चार दिवसांनी राजपक्षे मालदीवला पळाले.

इतकं सोसलेला मतदार पुन्हा बेभान होऊन नाचेल, अशी अपेक्षा आपण का करावी?

शिवाय २१ सप्टेंबर २०२४ ला मतदान संपल्यावर रात्री संचारबंदी होती, आणि निकालही लगेच लागला नाही. दिसानायके यांना पहिल्या फेरीत ४२.३१ टक्के मतं पडली, म्हणजे निम्म्याहून कमी. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे पहिल्यांदाच घडलं. पण याच माणसाला २०१९ मध्ये फक्त ३.१६ टक्के मतं होती! तीन टक्क्यांवरून बेचाळीसवर येणं हीच मला सगळ्यात मोठी प्रतिक्रिया वाटते. शपथविधीच्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगितलं की आपण जादूगार नाही. देशाला जादूगारांचा पुरेसा अनुभव आलेला होता, त्यामुळे हे वाक्य लोकांना भावलं असणार.

आता उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्याबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

सप्टेंबरमध्ये जाफना जिल्ह्याने दिसानायके यांना जेमतेम सात टक्के मतं दिली. तमिळ लोकांकडे त्याला सबळ कारणं होती. दिसानायके यांचा जेव्हीपी (जनता विमुक्ती पेरामुना) हा डावा पक्ष सत्तेच्या प्रादेशिक वाटपाला वर्षानुवर्षं विरोध करत आला, आणि एकत्र असलेले उत्तर व पूर्व प्रांत २००६ च्या न्यायालयाच्या निकालाने वेगळे झाले ते याच पक्षाच्या लोकांनी केलेल्या याचिकांवरून. तरीही १४ नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्याच जाफन्यात दिसानायके यांच्या आघाडीने सहापैकी तीन जागा जिंकल्या. देशभरात २२५ पैकी १५९.

दोन महिन्यांत असं काय बदललं? स्थानिक तमिळ पक्षांच्या आपसातल्या भांडणांना लोक कंटाळले होते, हे एक. मतदानाच्या थोडंच आधी जाफन्यातला, लष्कराने बंद ठेवलेला पलाली–अच्चुवेली रस्ता सुमारे ३४ वर्षांनी नागरिकांसाठी खुला झाला, हेही. एक रस्ता म्हणजे काही फार नव्हे. पण ज्यांची शेतं अजून लष्कराच्या ताब्यात आहेत, त्यांच्यासाठी तो पुढच्या शक्यतेचा पुरावा होता. आशा ही अशी, काहीतरी हाती लागल्यावर, जपून धरलेली मला जास्त खरी वाटते. २०१९ च्या भिंतींपेक्षा कितीतरी खरी.

ती टिकली का, हेही कुणी विचारेलच. काही प्रमाणात. माजी राष्ट्राध्यक्षांचे बंगले आणि सवलती काढून घेणारा कायदा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला आणि गोटाबयांचे थोरले भाऊ आणि माजी राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांना कोलंबोतलं सरकारी घर सोडावं लागलं. मात्र नाणेनिधीच्या कर्जाच्या अटी नव्याने ठरवू असं प्रचारात सांगितलेलं सरकार बहुतांशी जुन्याच चौकटीत चाललं. दहशतवाद प्रतिबंधक कायदा रद्द करायचं आश्वासन होतं, तरी २०२५ मध्ये त्या कायद्याखाली अटका होतच राहिल्या. याचा मला मनापासून राग येतो, कारण या कायद्याची झळ सगळ्यात जास्त तमिळ आणि मुस्लिम घरांनी सोसली आहे, आणि त्यांतल्या अनेकांनी जुना अविश्वास बाजूला ठेवून मत दिलं होतं.

मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत आघाडीची मतं संसदीय निवडणुकीतल्या ६१ टक्क्यांवरून ४३ वर आली. मी याला भ्रमनिरास म्हणणार नाही. लोक अजून याच सरकारकडून मागतायत, फक्त आता हिशेब मांडून मागतायत.