एकाच इमारतीत सारखेच फ्लॅट, मग आमचं वीजबिल दुप्पट का?

पुण्यातली एक इमारत, मापाने सारखे दोन टू बीएचके. तुमचा फ्लॅट गच्चीखाली पाचव्या मजल्यावर, दुसरा दुसऱ्या मजल्यावर. मे महिन्यात तुमचं बिल त्यांच्या दुप्पट आलं, म्हणून मीटर जोरात पळतोय का, असं तुम्ही विचारलं आहे.

मीटरवर एवढ्यात संशय घेऊ नका. न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात एकसारखी घरं तपासली, तेव्हा त्यांनाही दुपटीचा फरक सापडला. राहणारे बदलले की त्याच घराचा वापरही बदलत होता. तिथे प्रश्न थंडीचा होता, तुमच्याकडे उन्हाचा आहे.

आधी रुपये बाजूला ठेवा आणि युनिट बघा. १००, ३०० आणि ५०० युनिटांना दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे रुपयांतला फरक युनिटांतल्या फरकापेक्षा मोठा दिसतो. दोन्ही घरांची ऑगस्ट, जानेवारी आणि मे या महिन्यांची युनिटं रीडिंगच्या तारखा बघून दिवसांनी भागा. ऑगस्टमध्ये एसी बंद आणि गीझर बेताचा असतो, म्हणून तो घराचा पाया धरा. ऑगस्टमध्येच दुप्पट दिसलं तर कारण रोजच्या वापरात आहे. फक्त जानेवारीत फरक पडला तर गीझर बघा. फक्त मेमध्ये पडला तर तुमच्या डोक्यावरचा स्लॅब बघा.

माझा अंदाज स्लॅबचाच आहे. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस असतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही, सगळा मार गच्चीवर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर बसतो. इको निवास संहिता २०१८ (घरांच्या बांधकामासाठी केंद्र सरकारचे ऊर्जाबचतीचे निकष) छतातून जेवढी उष्णता आत येऊ द्यायला सांगते, त्याच्या दुपटीहून जास्त उघड्या आरसीसी स्लॅबमधून येते. शिवाय स्लॅब दिवसभर तापून ती उष्णता रात्री, नेमकी तुमच्या झोपायच्या वेळी, खाली सोडतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण ताकदीवर तासाला साधारण दीड युनिट खातो आणि खोली थंड झाली की अर्ध्या-पाऊण युनिटावर येतो. खालच्या मजल्यावर तो लवकर खाली येतो, तुमच्याकडे येतच नाही. आठ तासांत १२ युनिटं आणि पाच-सहा युनिटं, एवढा फरक एकाच खोलीत पडू शकतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा रंग. कोब्यावर (गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर) उन्हाळी रिफ्लेक्टिव्ह कोटिंगचे दोन हात द्या किंवा पांढऱ्या फरशीचा चायना मोझॅक करून घ्या. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात शेवाळं आणि धूळ बसून रंग काळवंडतो आणि परिणाम जातो, म्हणून दर फेब्रुवारीत घासून धुवा. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून भागत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, बाहेरून लावा.

आता सवयींकडे. पुण्यात मेमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठा फरक असतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खिडक्या बंद ठेवा आणि रात्री समोरासमोरच्या उघडा. डासांसाठी जाळी बसवून घ्या, कारण रात्री खिडक्या बंद राहण्याचं खरं कारण बहुतेक घरांत तेच असतं. (हा सल्ला मुंबई-कोकणात तसाच चालणार नाही. तिथे रात्रही दमट आणि गरम असते.) एसी १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. २६ वर ठेवून पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एका अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते. एसीचं बाहेरचं युनिट डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या अरुंद बंदिस्त पोकळीत, कोंडलेलं असेल तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं, मग कितीही स्टारचा एसी असला तरी उपयोग नाही.

गीझरचं गणित सोपं आहे. अंघोळीचं बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी २२ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ०.४ युनिट लागतं. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलात तर १.७ युनिट. चार माणसांच्या घरात महिन्याला हे अनुक्रमे ५० आणि २०० युनिटं होतात. कॉइलवर क्षार बसले की बिल वाढतं असं लोक म्हणतात. तसं फारसं होत नाही, कॉइल मात्र जास्त तापून जळते.

एवढं करूनही शंका राहिली तर मीटर स्वतः तपासा. त्यावर बहुधा ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटाला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातला मेन स्विच बंद करून दहा मिनिटं मीटरचा लाल दिवा बघा. लुकलुकला तर मीटर ते मेन यांच्यामधल्या वायरवर कोणाचा तरी लोड जोडलेला आहे, बऱ्याचदा जिन्यातला दिवा. नाही लुकलुकला तर मेन चालू करून एकेक उपकरण लावा: ३२०० इम्पल्सच्या मीटरवर ११२५ गुणिले लुकलुक, भागिले सेकंद, म्हणजे वॅट. ४५ सेकंदांत १० वेळा लुकलुकला तर २५० वॅट. १०० वॅटचा साधा बल्ब लावल्यावर उत्तर १००च्या आसपास आलं तर मीटर ठीक आहे. दीडपट-दुप्पट आलं तर वीज कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि अर्जात ही आकडेमोड जोडा.