भुंकणं थांबलं, पण शिकला काय?

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या गावठी पिल्लाला आम्ही रविवारी सकाळी बागेतल्या ट्रेनिंगच्या वर्गाला नेतो. आठ-नऊ कुत्री असतात. गेल्या आठवड्यात सात महिन्यांचा एक लॅब्रॅडॉर सारखा भुंकत होता. सरांनी त्याची चोक चेन वर खेचली, पुढचे पाय जमिनीवरून उचलले आणि तो गप्प होईपर्यंत तसाच धरून ठेवला. नंतर एका बीगलला पाठीवर पाडून मानेपाशी दाबलं. "हा अल्फा व्हायला बघतोय, आत्ताच मोडायला हवं," असं त्यांचं म्हणणं. लॅबचे मालक कसनुसं हसत उभे होते. आम्हीही काही बोललो नाही. असं खरंच करावं लागतं का? बघणाऱ्याने काय करायचं? तीन महिन्यांची फी भरून झाली आहे.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही, करावं लागत नाही. त्या दोन मिनिटांत लॅबच्या गळ्यात काय झालं ते आधी पाहू.

चोक चेन म्हणजे धातूचा सरकफास. झटका दिला की आवळायचा आणि लगेच सैल सोडायचा, अशी ती वापरणाऱ्यांचीच रीत. सात महिन्यांचा लॅब सहज वीस-पंचवीस किलोचा असतो. पुढचे पाय उचलले की त्यातलं बरंचसं वजन गळ्यावर येतं आणि फास सैल व्हायला जागाच उरत नाही. त्याखाली श्वासनलिका आहे, थायरॉईड आहे, डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा आहेत. गळ्यातल्या पट्ट्याला ओढ बसली की डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसला (गळ्याऐवजी छातीवरून बांधायच्या पट्ट्याला) ओढ बसली तर तसा वाढत नाही, हेही मोजून पाहिलेलं आहे. पग, शिह त्झू यांची हवेची वाट मुळातच अरुंद, आणि पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कुर्चा पुष्कळदा कमजोर असतात. त्यांच्या गळ्यात असली साखळी मुळीच नको. लॅब गप्प झाला कारण भुंकायला हवा लागते. तो भुंकत का होता, हा प्रश्न तिथेच राहिला. आठ कुत्री दाटीवाटीने उभी केली की सात महिन्यांचं पोर भुंकणारच. त्याला पंधरा पावलं लांब नेलं असतं तरी बहुतेक भागलं असतं.

"अल्फा"ची, म्हणजे कळपाच्या म्होरक्याची, गोष्ट बरीच जुनी आहे. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रूडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची निरीक्षणं छापली. वर्चस्वासाठी भांडणाऱ्या कळपाची कल्पना तिथून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचली, आणि 1999 मध्ये मीच यांनीच मोकळ्या रानातल्या कळपांवरून लिहिलं की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे साधं कुटुंब. ज्यांनी कल्पना पसरवली त्यांनीच ती मागे घेतली, आपल्याकडे मात्र "अल्फा" अजून फिरतोच आहे. शिवाय कुत्रा शरण येतो तेव्हा स्वतः आडवा होतो. दुसऱ्याने त्याला पाठीवर पाडून दाबलं तर त्याच्या लेखी तो हल्ला असतो. अशा वेळी चावलेले हात आणि चेहरे कमी नाहीत.

"पण नंतर तो किती शांत होता!" हे वाक्य अशा वर्गांत हमखास ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरच केलेला (आणि तसा क्रूरच) प्रयोग इथे आठवावा. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी विजेचा झटका चुकवता येत नव्हता, ती पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बरीचशी जागची हलली नाहीत. हात टेकलेलं जनावर शांतच दिसतं. म्हणून वर्ग जोखताना कुत्रा हुकूम पाळतो का, याआधी त्याचं अंग बघा. शेपटी पोटाखाली, कान मागे चिकटलेले, झोप नसताना जांभया, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, एक पाय उचलून थिजणं, सरांचा हात वर गेला की अंग चोरणं. यातल्या तीन-चार गोष्टी एकदम दिसल्या तर कुत्रा शिकत नाहीये, तो वेळ काढतोय.

प्रत्येक कडक हालचाल मात्र छळ नसते. दोन कुत्री एकमेकांवर धावली तर दोरी आखडून धरावी लागते, रस्त्यावर झेपावणाऱ्याला मागे खेचावं लागतं, मोठ्याने "नको" म्हटलं जातं. त्यावर गहजब करू नये. फास आवळून ठेवणं, लटकवणं, लाथ, काठी, कान पिळणं, पाडून दाबणं इथे मात्र हद्द ओलांडली गेली.

आता तुमच्यासारख्या बघणाऱ्याने काय करायचं. पहिलं, आपल्या पिल्लाची दोरी कुणाच्या हातात द्यायची नाही आणि त्याला वीसेक पावलं दूर न्यायचं. पाच महिन्यांचं पिल्लू दुसऱ्याचं किंचाळणंही लक्षात ठेवतं. दुसरं, बोलायचं ते सरांशी न बोलता मालकाशी, कारण कुत्रा त्यांचा आहे आणि सर चारचौघांत माघार घ्यायची शक्यता कमी. वाक्य लहान ठेवा : "काका, त्याला श्वास घेता येत नाहीये, साखळी सैल करायला सांगा." ओरडू नका आणि कुत्र्याला हात घालू नका. गुदमरलेला कुत्रा जवळ असेल त्याला चावतो. तिसरं, मोबाईल आडवा धरून अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा. कुत्र्याचा गळा, पाय आणि दोरी धरणारा हात एका चौकटीत यायला हवा, लहान मुलं येता कामा नयेत. मूळ फाईल कापाकापी न करता जपा. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कुठलं साधन, किती वेळ, कोण हजर होतं हे कागदावर लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर आधी टाकायचा मोह आवरा. तिथे शंभर अंगठे मिळतात आणि वर्ग पुढच्या रविवारी दुसऱ्या सेक्टरला हलतो.

लॅबच्या मालकांना एक निरोप जरूर द्या. गळा आवळल्यानंतर खोकला, घोगरा आवाज, गिळताना त्रास, लाळ, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. फुप्फुसात पाणी कधी कधी काही तासांनी उतरतं, म्हणून रात्री झोपलेल्या कुत्र्याचे श्वास एक मिनिट मोजावेत. तीसच्या आत असावेत. चाळीसला पोचले, तर सकाळची वाट पाहू नये.

कायद्याचं म्हणाल तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 चं कलम 11 मारणं, लाथाडणं, यातना देणं याला गुन्हा ठरवतं. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नासच, आकडा तेव्हाचा आहे. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली जाते आणि तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून "बघू पावसाळ्यानंतर" चालत नाही. कुत्र्याला कायमची इजा झाली किंवा तो दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागू शकतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. 1960 च्या कायद्यातली आणखी एक गोष्ट मालकांना सहसा ठाऊक नसते : अनावश्यक यातना होऊ देणारा मालकही त्यात दोषी धरला जातो. कसनुसं हसून भागत नाही.

व्यवहारात मात्र जागेचा दाब लवकर काम करतो. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना आणि पेट शॉपना नोंदणी सक्तीची आहे, ट्रेनरला तशी कुठलीच नाही, पण वर्ग भरवायला जागा लागते. बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागाला लेखी विचारा की पैसे घेऊन वर्ग भरवायला परवानगी आहे का. सोसायटीची असेल तर कमिटीला पत्र द्या. पत्राला चित्रण जोडा, दोन-तीन कुत्रामालकांच्या सह्या घ्या, पोच घ्या. फीचे उरलेले पैसे लेखी मागा. नकार आला तर ग्राहक हेल्पलाईन 1915 आणि मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. पैसे बुडाले तरी पुढच्या रविवारी जाऊ नका.

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा स्पिट्झ तीन महिने चोक चेनवर शिकला. आता गळ्याकडे हात नेला की मान आखडतो, पट्टा दाखवला की गुरगुरतो. सर म्हणतात, गुरगुरला की फटका द्या.
– वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : फटका देऊ नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, घंटी आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

आधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्या. दुखत असेल तर पुढचं सगळं फुकट जाईल. साखळी माळ्यावर टाका, खुंटीवर नको, कारण तिचा नुसता खळखळाटही त्याला ओळखीचा आहे. पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखं येणारं हार्नेस घ्या. पट्टी छातीच्या मधल्या हाडावर बसावी, खांद्यावरून आडवी जाऊ नये, आणि पट्टीखाली सगळीकडे दोन बोटं सरकावीत. स्पिट्झच्या केसांमुळे सैल पट्टीही घट्ट वाटते, म्हणून केस बाजूला करून बघा. पावसाळ्यात ओलं हार्नेस अंगावर ठेवलं तर काखेत फोड येतात. दोन घ्या, एक वाळत टाका.

मग घाई न करता पुढे सरका. पहिले दोन-तीन दिवस हार्नेस जमिनीवर ठेवायचं आणि त्याच्याभोवती उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे टाकायचे. तुम्ही हात लावायचा नाही. तो बिनधास्त खायला लागला की हार्नेस हातात धरून गळ्याच्या कड्यातून खाऊ द्या. तोंड तो स्वतः आत घालेल, तुम्ही वरून घालायचं नाही. नंतर कडं मानेवर एक सेकंद, खाऊ, काढून टाका. मग तीन सेकंद, दहा सेकंद. बक्कल लावायच्या आधी तिचा टक आवाज लांबून ऐकवा आणि लगेच खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे : आधी स्पर्श किंवा आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर काही दिवसांनी खाऊ दिसला की तो पळेल, आणि अनेकांचं इथेच बिनसतं. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. अंग चोरलं तर एक पायरी मागे. काही कुत्री आठवड्यात सरावतात, काहींना दोन महिने लागतात.

दोरी पाच-सहा फुटांची, साधी कापडी. चालायचा सराव तलावपाळीच्या गर्दीत सुरू करू नका, जिना किंवा पार्किंग बरं. दोरी ताणली की झाडासारखं थांबा, सैल झाली की पुढे निघा, आणि तो तुमच्या पायाशी असताना खाऊ द्या. रोज दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात तुम्ही बिल्डिंगच्या गेटपर्यंतही पोचणार नाही. चालेल.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो, दोघंही नोकरीवर. 45 दिवसांचं निवासी ट्रेनिंग सुचवलं आहे, कुत्रा फार्महाऊसवर ठेवतात. पाठवावा का?
– वाचक, कासारवडवली

उत्तर : आमचं मत पाठवू नये असं आहे. कुत्रा त्या जागी, त्या माणसाच्या हाताखाली शिकतो. घरी आल्यावर तुमच्या हाताखाली पुन्हा शिकवावंच लागतं, आणि मधले 45 दिवस काय घडलं ते बघायला कुणी नसतं. पाठवायचंच ठरलं तर आधी डॉक्टरकडे वजन करून घ्या, गळ्याचे आणि दातांचे फोटो काढा, न कळवता भेटायला येऊ द्याल का ते विचारा. "भेटायला आलात तर तो बिघडेल" असं उत्तर आलं तर तिथेच उठा. परत आल्यावर मानेचे केस उलटे करून टक्कल, खरचटणं, काळी पडलेली कातडी बघा आणि वजन ताडून पहा.

त्यापेक्षा सकाळी कामावर जायच्या आधीचा वर्ग शोधा. पहिल्या दिवशी कुत्रा न घेता जा. एका ट्रेनरमागे पाच-सहाच्या वर कुत्री नसावीत आणि त्यांच्यात दोन-तीन मीटर अंतर असावं. एकच प्रश्न विचारा : "कुत्रा चुकला तर तुम्ही नेमकं काय करता?" चांगला ट्रेनर सांगतो की अंतर वाढवतो, सोपं करतो, खाऊ थांबवतो. "त्याला कळायला हवं बॉस कोण" हे ऐकलं की चहा पिऊन निघा. एप्रिल-मेमध्ये आठनंतरचा वर्ग नको. आपल्याकडच्या दमट हवेत धापा टाकूनही अंग निवत नाही. टर्फवर वर्ग असेल तर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, खोट्या हिरवळीला डांबराहून जास्त चटका असतो.

प्रश्न : वर्गाला येताना कुत्रा आदल्या रात्रीपासून उपाशी आणायला सांगतात, म्हणजे खाऊसाठी काम करतो. योग्य आहे का?
– वाचक, ऐरोली

उत्तर : रात्रभर उपाशी नको. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांची आणि चिवावासारख्या इवल्या जातींची साखर उतरते, मग थरथर, लडखडणं, कधी फिट. रात्रीचं नेहमीचं द्या. सकाळचं निम्मं वर्गाच्या दोन तास आधी द्या आणि उरलेलं निम्मं खाऊ म्हणून खिशात न्या. पाणी तोडायचं नाही. उपाशी असल्याशिवाय कुत्रा खाऊ घेत नसेल तर तो बहुधा घाबरलेला आहे. घाबरलेला कुत्रा चिकनही तोंडातून टाकून देतो.