लीलो चेवडो शोधणाऱ्याला तुमचं पान सापडायला हवं

ताई, दांडिया बाजारातून चालणाऱ्या तुमच्या फराळाच्या वेबसाइटवर तीन महिन्यांत गिऱ्हाईक फिरकलं नाही, म्हणून कुणाकडून लिंका, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारे दुवे, विकत घेऊ नका. कळकळीनं सांगतो, मी ते केलं होतं. २०१२ साली गूगलनं शोधाच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभी असलेली माझी साइट पार मागे गेली. सावरायला वर्ष लागलं.

आधी गूगल सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे. लोक काय टाइप करतात तेव्हा तुमची साइट दिसते, ते त्यात कळतं. जिथे तुम्ही आठव्या ते विसाव्या क्रमांकावर आहात, ते शब्द वेचा; तिथे मेहनत लवकर फळते. सध्या सगळं ‘आमची उत्पादने’ या एकाच पानात कोंबलंय. लीलो चेवडो, भाकरवडी, अनारसे, प्रत्येकाला स्वतंत्र पान द्या. शीर्षक सरळ ठेवा: ‘लीलो चेवडो, वडोदरा, घरपोच’. खाली बटाटा आणि चणाडाळीचा हा ओलसर चेवडा किती दिवस टिकतो, पुण्याला पाठवता का, हे लिहा. गिऱ्हाईक फोनवर विचारतं तेच. मजकुरात ‘बडोदा’ही येऊ द्या, आपली मराठी माणसं हेच नाव घेतात.

कीवर्ड्स मेटा टॅगचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहायच्या शब्दांच्या यादीचा, नाद सोडा. क्रमवारीसाठी तो वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच सांगितलंय. फोटो मात्र आजच हलके करा. मोबाइलवर तुमचं पहिलं पान उघडेपर्यंत माझा चहा संपला.