वाचक विचारतात : मुंबईत जन्मलेली बर्फावरची विजेती

प्रश्न : ब्रिटनला फिगर स्केटिंगचं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या एक बाई मुंबईत जन्मल्या होत्या म्हणे. खरं का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : खरं आहे. जेनेट आल्टवेग. जन्म ८ सप्टेंबर १९३०, मुंबई. वडील स्विस, आई इंग्रज. मुंबईशी संबंध जन्मापुरताच, वाढल्या त्या लिव्हरपूलला. टेनिसही चांगल्या खेळायच्या. १९४७ मध्ये विम्बल्डनच्या ज्युनियर स्पर्धेत अंतिम फेरी गाठली होती. १९४८ ला सेंट मॉरिट्झच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्य, १९५१ ला विश्वविजेतेपद आणि १९५२ ला ऑस्लोत सुवर्ण. त्यानंतर पैसे देणाऱ्या आइस शोकडे न वळता त्या स्वित्झर्लंडमधल्या ट्रोगेन इथे, पेस्टालोझी बालग्रामात मुलांसाठी काम करायला गेल्या. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

प्रश्न : ऑस्लोत फ्री स्केटिंगमध्ये त्या चौथ्या होत्या असं वाचलं. मग सुवर्ण कसं? (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : कारण तेव्हा उड्या-गिरक्यांपेक्षा ‘फिगर्स’ना जास्त गुण होते, आणि त्यांत बाई पहिल्या होत्या. या खेळाच्या नावातलं ‘फिगर’ म्हणजे बर्फावर काढलेली आकृती. मूळ आकृती इंग्रजी आठची: एकमेकांना टेकलेली दोन वर्तुळं. (आपला ८ इथे उपयोगाचा नाही, तो कुठे बंदच होत नाही.) प्रत्येक वर्तुळाचा व्यास खेळाडूच्या उंचीच्या साधारण तिप्पट. एक वर्तुळ एका पायावर, दुसरं दुसऱ्या पायावर, आणि न थांबता तीच रेघ तीनदा गिरवायची. नंतर पंच बर्फावर येऊन वाकून रेघा तपासत. ब्लेडला मधे खाच असते, त्यामुळे कडा दोन. रेघ एकाच कडेची हवी. दुहेरी उमटली की पाय सरळ उभा राहिला, कललाच नाही, हे लगेच कळायचं. प्रेक्षकांना मात्र हे पाहणं म्हणजे शिक्षाच. टीव्ही आल्यावर फिगर्सचं वजन घटत गेलं आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर त्या बंदच झाल्या.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, क्वाड स्केट्सवर (पुढे दोन, मागे दोन चाकं) शिकते. नाशिकला बर्फ नाही. असा आठ इथे गिरवता येईल? तिचं वर्तुळ शेवटी आत वळतं. (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : निफाडला पारा कितीही उतरला तरी बर्फाचं मैदान काही होत नाही, पण फिगर्स चाकांवरही होतात. गुळगुळीत फरशी किंवा कोबा हवा, बारा मीटर लांब. तीन मीटर सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक मध्यावर धरून वर्तुळ काढा. शेजारी टेकून दुसरं. साधे इनलाइन स्केट्स (एका ओळीत चाकं असलेले) नकोत, ते या कामाचे नाहीत. क्वाडचे ट्रक, म्हणजे चाकांच्या जोड्या धरणारे सांगाडे, फार आवळलेले असतील तर चाकं वळत नाहीत. ट्रक आवळणारा ॲक्शन नट पाव फेरा सैल करून पाहा, पण स्केट डगमगू लागेल इतका नको.

सुरुवात दोन वर्तुळं टेकतात तिथून, मागच्या पायाच्या चाकांनी ढकलून, टो-स्टॉपने (पुढच्या टोकाच्या रबरी ब्रेकने) नव्हे. उजव्या पायावर बाहेरच्या कडेने, म्हणजे त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला कलून, निघताना उजवा हात पुढे, डावा पाय मागे. अर्धं वर्तुळ झालं की डावा पाय स्केटला जवळून घासत सावकाश पुढे आणा आणि खांदे तेव्हाच फिरवा. कमरेत वाकायचं नाही; घोट्यापासून डोक्यापर्यंत अंग एकसंध वर्तुळाच्या आत कललेलं हवं.

वर्तुळ शेवटी आत वळतं त्याचं कारण बहुधा इथेच सापडेल: मोकळा पाय झटक्याने पुढे येतो किंवा खांदे घाईने वळतात, मग अंग वाजवीपेक्षा जास्त फिरतं. तिला पायाकडे न बघता खडूच्या रेघेवर दीड-दोन मीटर पुढे बघायला सांगा. मधेच वेग संपत असेल तर ढकलणं कमी पडतंय, दुसरा धक्का देऊ नका. रोज आधी दहा मिनिटं फक्त अर्धी वर्तुळं, दोन्ही पायांवर. डावा पाय बहुधा कच्चा राहील, त्याला दोन फेऱ्या जास्त द्या.