निळ्या ब्लूस्ट्रीकसाठी नऊशे डॉलर मोजावेत का?

प्रश्न: मी ३७ वर्षांचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगा चौथीत. लहानपणचं ट्रान्सफॉर्मर्सचं, म्हणजे गाडीचा रोबो होणाऱ्या खेळण्यांचं, वेड आता पुन्हा डोकं वर काढतंय. एका संग्राहकाकडे त्यातलीच १९८४ची निळी ब्लूस्ट्रीक गाडी आहे. रंग नव्याने दिलाय हे तो लपवत नाही, पण ‘मुळात निळीच होती, मी फक्त ताजी केली’ म्हणतो. ९०० डॉलर सांगतोय, तेही झेलने, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यात. चंदेरी ब्लूस्ट्रीक, सगळ्या सुट्या भागांसकट, मला १५० ते २०० डॉलरला दिसते. बँकेत ६,५०० आहेत, क्रेडिट कार्डावर २,३०० थकलेत, व्याज २४ टक्के. पाच वर्षांनी दुप्पट भावाने विकून पैसे मुलाच्या शिक्षणाला लावावेत असा विचार आहे. घेऊ का?

उत्तर: या भावाला नको. आणि गुंतवणूक म्हणून तर कुठल्याच भावाला नको. आता का ते सांगतो.

ही गाडी म्हणजे डॅटसनची, निस्सान म्हणा हवं तर, फेअरलेडी झेड. साचा मूळचा जपानच्या टकारा कंपनीचा, ‘डायाक्लोन’ मालिकेतला. १९८४मध्ये हॅस्ब्रोने तो अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स म्हणून आणला. त्याच साच्यातून पोलिसगाडीवाला प्राउल निघाला, ब्लूस्ट्रीक निघाला, पुढच्या वर्षी ३८ नंबरची रेसिंग कार स्मोकस्क्रीन निघाली. म्हणजे रंग बदलून काढलेली गाडी या छंदात मुळीच कमअस्सल नाही. या खेळण्यांचा अर्धा संसारच त्यावर उभा आहे. पण तो रंग कारखान्यातला. घरी एअरब्रशने दिलेला रंग ही वेगळीच गोष्ट, आणि तुमच्यापुढे आहे ती दुसरी.

ब्लूस्ट्रीकच्या बाबतीत एक गंमतही आहे. डायाक्लोनमध्ये ही गाडी निळ्या रंगात मिळायची आणि हॅस्ब्रोच्या सुरुवातीच्या कॅटलॉगात फोटोही निळ्याचाच छापला गेला. दुकानात मात्र मिळाली ती चंदेरी. तेव्हापासून ‘निळी ब्लूस्ट्रीक’ म्हटलं की संग्राहकांचे कान टवकारतात. तुमच्या विक्रेत्याला हे चांगलंच ठाऊक असणार. तो कॅटलॉगाचं पान पुढे करेल. ते पान खरंच आहे, पण त्याच्या हातातल्या गाडीबद्दल ते काहीच सिद्ध करत नाही.

आता त्याचं म्हणणं जरा उलटसुलट तपासू. रंगाखाली चंदेरी प्लास्टिक असेल, तर ही १५०-२०० डॉलरचीच गाडी, वर रंगाचा थर. बहुतेक संग्राहक अशा गाडीला न रंगवलेल्यापेक्षा कमीच देतील. आणि खाली खरोखर डायाक्लोनचं निळं प्लास्टिक असेल, तर या गृहस्थाने मौल्यवान वस्तूवर रंग फासून तिची किंमत स्वतःच्या हाताने घालवली आहे. दोन्हीकडून हिशेब ९००पर्यंत पोचत नाही. तिसरीही शक्यता आहे: याच साच्याच्या गाड्या २०००नंतर पुन्हा बाजारात आल्या, अमेरिकेत ‘सिल्व्हरस्ट्रीक’ नावाने. तशी एखादी रंगवली असेल तर ‘१९८४ची’ हा शब्दसुद्धा गेला.

खात्री करायचीच असेल तर त्याच्याकडून दोन फोटो मागवा. एक, दार पूर्ण उघडून बिजागरीच्या आतल्या बाजूचा. दुसरा, मागच्या स्क्रूच्या खड्ड्याचा, टॉर्च मारून. कारखान्यातल्या प्लास्टिकला रंग आरपार असतो, ओरखडा गेला तरी खाली तोच रंग दिसतो. एअरब्रशचा थर खड्ड्याच्या तळापर्यंत क्वचितच पोचतो. शिवाय गाडीचा रोबो करताना दारं घासतात, तिथला रंग आधी उडतो. म्हणजे हे खेळणं उलगडलंत की त्याची किंमत उतरणार, आणि न उलगडता ठेवायचं तर घ्यायचं कशाला, हा माझा आपला बाळबोध प्रश्न.

राहिला पैशाचा भाग. पाच वर्षांनी दुप्पट भाव देणार कोण? रंगवलेल्या नगाला ठरलेला बाजारच नसतो. तुमच्याइतकंच त्या निळ्या रंगावर जीव टाकणारं दुसरं गिऱ्हाईक सापडलं तरच भाव, आणि तुम्ही प्रामाणिकपणे ‘रंग नंतरचा’ असं लिहिणार, म्हणजे ते गिऱ्हाईकही घासाघीस करणार. ईबेवर विकलीत तर १३ टक्क्यांच्या आसपास तिथेच जातात. टपालाचे २० डॉलर धरले, तर नुसते घातलेले ९०० परत यायला गाडी १,०६०च्या पुढे विकली गेली पाहिजे.

आणि कार्डावरच्या थकबाकीला तुम्ही एका वाक्यात उरकलंत! ९०० डॉलर तिकडे भरलेत तर पहिल्याच वर्षी साधारण २१६ डॉलर व्याज वाचतं, तेही कुठलीही जोखीम न घेता. एवढ्या खात्रीचा परतावा तुम्हाला कुठलंच खेळणं देणार नाही, शेअर बाजारही नाही.

या गाडीसाठी बँकेतल्या ६,५००लाही हात लावू नका. एच-१बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा व्हिसाची दुसरी काही सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घरात एकच पगार. दोन माणसं, एक मूल, एडिसनचं भाडं. यात ते पैसे दोन महिने तरी पुरतील का, हे पत्नीबरोबर बसून मांडा. मुलाच्या शिक्षणासाठी ५२९ नावाचं शिक्षण-बचतीचं खातं उघडा, महिन्याला ५० डॉलरने सुरुवात झाली तरी चालेल. पण आधी कार्ड.

छंद मात्र बंद करू नका. महिन्याला ३० डॉलर बाजूला काढलेत तर सहा महिन्यांत चांगली चंदेरी ब्लूस्ट्रीक कपाटात येते, आणि विकायची वेळ आली तर तिला गिऱ्हाईक आहे. याच निळ्या गाडीत जीव अडकला असेल तर १२० सांगा, फार तर १५०ला थांबा, आणि ते पैसे छंदाच्याच डब्यातून जाऊ द्यात. झेलने पाठवू नका. तिथे फसलात तर पैसे परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. पेपालने द्या, पण ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ नव्हे, ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ निवडा. आणि व्यवहाराच्या नोंदीत त्याला स्पष्ट लिहायला लावा: मूळ प्लास्टिकचा रंग कोणता, वरचा रंग कधी दिला. तो लिहायला तयार नसेल, तर १२०ही देऊ नका.